टे आनाऊच्या काठी सोडलेलं दूध

मनुरेवा, ऑकलंड
बुधवार, १९ फेब्रुवारी

तीर्थरूप गुरुनाथअण्णांच्या पायांवर धाकट्या काशिनाथचं डोकं.

आम्ही उभयता इथे खुशाल आहोत (उभयतांपैकी एकाबद्दल खात्रीने सांगतो, दुसऱ्याबद्दल पुढे येईलच). तुमचा गुडघा काय म्हणतो? घाटाच्या पायऱ्या उतरताना काठी घेता का, की अजून 'मला काय धाड भरलीय' म्हणत तसेच उतरता? विभावरीवहिनींच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू एव्हाना निघाला असेल. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत असणार, तेव्हा तुम्ही जपून राहा.

पत्र हाताने लिहिलेलं बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे. आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर त्रेपन्न माणसं आहेत. त्यातली पन्नास सकाळी फुलं पाठवतात आणि उरलेली तीन मालतीला सगळं कळवतात. म्हणून नातीच्या वहीतली पानं फाडून बसलोय. आज बारावा दिवस आहे, अण्णा. बारा दिवसांत माझ्या पोटात दुधाचा थेंब गेलेला नाही. 'बारावा' म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात येऊन गेलं.

तुम्ही जाणताच, चौतीस वर्षं मी दूध संघात दूध तपासलं. कॅनचं झाकण उघडलं की वासावरून म्हैस कुणाची ते सांगायचो. लॅक्टोमीटर बुडवायचा तो समोरच्याचं समाधान म्हणून. अशा माणसाची लेक कल्याणी इथे येऊन फार्मसिस्ट झाली आणि गेल्या दिवाळीपासून व्हीगन झाली. व्हीगन म्हणजे काय ते वहिनींना समजावून सांगा. मांस-मच्छी-अंडं नाही, ते आपल्यातही नाही. पण दूध नाही, दही नाही, ताक नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. म्हणजे आपल्या जेवणातून ताट आणि पाट तेवढे उरतात. (फ्रीजमध्ये चार प्रकारची दुधं आहेत. ओटचं, बदामाचं, सोयाचं आणि नारळाचं. चार दुधं आणि जनावर एक नाही. संघात कुणी असा कॅन आणला असता तर मी रस्त्यावर ओतायला लावला असता.) मला मात्र लेकीने सवलत दिली होती. मागच्या कप्प्यात निळ्या झाकणाची एक बाटली, फुल क्रीम, आणि तिच्यावर नात अनुयाने चिकटवलेली 'आबा' अशी चिठ्ठी. सकाळी साडेपाचला मी आणि मालती त्या बाटलीतल्या दुधाचा चहा करून, दोन कप घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. परदेशातल्या सहा महिन्यांच्या मुक्कामात माझं सुख म्हणायचं तर तेवढंच. ती बाटली तेवढी ध्यानात ठेवा.

तर आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून कल्याणी आणि जावई नितीश यांनी आम्हाला पाच दिवसांची सहल भेट दिली. बेत मुळात नॉर्वेचा होता. मालतीने टीव्हीवर तिथले फ्योर्ड पाहिले होते, म्हणजे उभ्या डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्र. पण इथून नॉर्वे म्हणजे तीस तासांचा प्रवास, आणि माझा प्रोस्टेट तीस मिनिटांवरचा. मग नितीशने शोध लावला की फ्योर्ड याच देशात, खाली दक्षिणेला आहेत, आणि तिथे टे आनाऊच्या तळ्याकाठी एका नॉर्वेच्या बाईंनी लॉज काढलंय. छपरावर गवत, भिंती लाकडाच्या, जेवण अस्सल नॉर्वेचं आणि शंभर टक्के व्हीगन. कल्याणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. माझ्याही आलं, कारण वेगळं होतं.

लॉजचे नियम दोन पानी होते. आवारात दूधदुभतं, अंडं, मध, लोकर, चामडं काहीही आणायचं नाही. मालतीने लोकरीची शाल काढून ठेवली, मी कमरेचा पट्टा काढून ठेवला, आणि पाच दिवस एका हाताने पँट धरून निसर्ग पाहिला. दूध मात्र मी नेलं. इथे कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला डेअरी म्हणतात, तिथून दुधाची पावडर आणून ती इसबगोलच्या रिकाम्या डब्यात भरली. अण्णा, अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या इसबगोलच्या डब्याकडे जगात कुणीही संशयाने बघत नाही. युक्ती नितीशची. (तो स्वतः घरात ओटचं दूध पितो आणि पेट्रोल पंपावर गाडीत बसून चीजचा पाय खातो. पाय म्हणजे इथली मोठी भरलेली खारी. तोंड पुसायला गाडीत वेगळा रुमाल ठेवतो. संसार करावा तर असा.)

निसर्गाबद्दल तक्रारीला जागा नाही. तळं इतकं स्वच्छ की मी दोन दिवस शोधूनही भेसळ सापडली नाही. डोंगर, बर्फ, ढग, सगळं जागच्या जागी होतं. लॉजच्या मालकीणबाई सिग्रिड, साठीच्या, ताडमाड उंच, आणि आवाज असा की देवघरात बोलताहेत. त्यांचे यजमान मरे हे इथलेच, गमबुटातले. पाऊस आला, वीज गेली, नळ गळला, माझी पँट घसरली, सगळ्यावर त्यांचं उत्तर एकच, "स्वीट ॲज." काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ. त्या आवारात मांसाहार फक्त सँडफ्लाय नावाच्या माश्या करायच्या, आणि जेवणाला आम्ही होतो. मालतीच्या पायांचे फोड अजून बरे व्हायचे आहेत. पण त्या माश्या मारायलाही बाईंचा विरोध. म्हणाल्या, त्यांनाही जगायचंय. मी म्हटलं, माझ्या घोट्यावर? (हे मनात म्हटलं.)

आता जेवण. पहिल्या रात्री ताटात केशरी रंगाच्या पातळ चकत्या आल्या. सिग्रिडबाई स्वतः शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तीन दिवस गाजर मिठात, धुरात आणि समुद्राच्या शेवाळात मुरवलं होतं, साल्मन माशाची चव यावी म्हणून. आता सांगा, सात पिढ्यांत ज्यांनी मासा खाल्ला नाही त्यांनी गाजर माशासारखं लागतं की नाही हे ठरवायचं कसं? पण बाई इतक्या आशेने बघत होत्या. विचारलं, अगदी साल्मनच ना? मी म्हटलं, अगदी. झालं. मालतीचा घास हातातच राहिला. खोलीत गेल्यावर तिने शांतपणे विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?" चाळीस वर्षांच्या संसारात मी रत्नागिरीला किती वेळा टूरवर गेलो होतो याची उजळणी त्या रात्री नव्याने झाली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पुढचं सगळं रामायण त्याच बहिणीने घडवलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मालतीचं मात्र छान जमलं. बाईंनी बटाट्याची एक पातळ पोळी केली, तर ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि लाटणं हातात घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी अडलं नाही. मी रोज पहाटे होड्यांच्या शेडमागे जाऊन इसबगोल घातलेला चहा करायचो, दोन कप, एक लपवून खोलीत मालतीला. ती म्हणायची, हे बरं नाही, बाईंच्या घरात बाईंचा नियम. म्हणायची आणि बशीत ओतून प्यायची. तिला चहा मिळाला नाही तर दुपारपर्यंत तिचं कपाळ उठतं, हे तुम्ही काशीला पाहिलंच आहे. मरेंनी एकदा मला शेडमागे पाहिलं. डब्यात बघितलं, वास घेतला, "स्वीट ॲज" म्हणाले आणि आपला कप पुढे केला.

चौथ्या दिवशी मिलफर्ड साउंडला, म्हणजे ज्याच्यासाठी आलो त्या फ्योर्डला निघालो. सिग्रिडबाईंची गाडी, आम्ही दोघं आणि आणखी सहा पाहुणे. वाटेत एका लांब बोगद्यापाशी गाड्या थांबतात. तिथे केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट असतात. आपल्याकडे पोपट म्हटला की विठू विठू. हा गाडीच्या खिडकीचं रबर सोलून खातो. मी दार उघडं ठेवून पाय मोकळे करायला उतरलो, तेवढ्यात एका केआने माझ्या पिशवीतून नेमका इसबगोलचा डबा उचलला, गाडीच्या टपावर नेला आणि झाकण काढलं. (ते झाकण मला स्वतःला कधी एका झटक्यात निघालेलं नाही.) पावडर उधळली. वरून पाऊस. दोन मिनिटांत सिग्रिडबाईंच्या व्हीगन गाडीच्या काचेवरून दूध वाहू लागलं, अण्णा, आणि त्याही स्थितीत माझ्या मनात आलं की फॅट साडेतीनच्या खाली नाही. एक अनोळखी बाई मला रागावली, पाखरांना खायला घालायची इथे बंदी आहे म्हणून. मी खायला घालत नव्हतो, लुटला जात होतो, पण इंग्रजीत तेवढं पटकन सुचेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मालती डोंगराकडे बघत होती.

सिग्रिडबाई ओरडल्या असत्या तर मी आज सुखात असतो. पण नाही. त्यांनी फडक्याने काच पुसली, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुमचं दुधाशी फार जुनं नातं दिसतंय. नंतर मिलफर्डला बोटीत बसलो, दोन्हीकडून शंभर धबधबे कोसळत होते, मंडळी फोटो काढत होती. मला आपला एकच धबधबा दिसत होता, काचेवरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खास माझ्यासाठी स्वतः ओट वाटून, गाळून त्याचा चहा केला. खोटं कशाला बोलू, संघात असता तर नाकारला असता. पण मी पुन्हा म्हटलं, अगदी दुधासारखा.

ती शेवटची सकाळ. बाईंचा एक रिवाज आहे, निघण्याआधी सगळ्या पाहुण्यांना तळ्याच्या धक्क्यावर उभं करायचं आणि प्रत्येकाने आपली सगळ्यांत प्रिय, जवळची अशी एक गोष्ट तिथे सोडून जायची. ऐकल्याबरोबर मालतीने पदर खोचला आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओळखलं की हिच्या मनात काशी आहे. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला काशीला नेलंत तेव्हा हिने फणस सोडला होता, माहेरच्या बागेतला, जीव की प्राण. आजतागायत गरा तोंडात घातलेला नाही. आणि मी दुधी भोपळा सोडला, जो मी आधीही खात नव्हतो. घरात दुधी आला की तो विषय अजून निघतो. तुम्हीच तेव्हा कानात सांगितलं होतं की आवडतीच वस्तू हवी असं कुणी म्हटलंय. मी तुमचं नाव आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तर माझं उत्तर तयार होतं, ओटचं दूध. इतर मंडळींनी कुणी ऑफिसचा ताण सोडला, कुणी सोडून गेलेला मित्र पुन्हा सोडला. माझी पाळी आली. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. ज्या बाईंनी पहाटे उठून माझ्यासाठी ओट वाटले त्यांच्या तोंडावर ओट सोडू? तोंड उघडलं आणि आतून शब्द आला, "मिल्क." टाळ्या पडल्या. बाई रडल्या. मरेसुद्धा गंभीर झाले. मी मनात म्हटलं, जाऊ दे, तळ्याकाठचा इंग्रजी शब्द, त्याचा हिशेब कोण ठेवतंय. तेवढ्यात मालती वाकली, ओंजळीत तळ्याचं पाणी घेतलं, माझ्या उजव्या तळहातावर घातलं आणि म्हणाली, "सोडा."

आठ परक्या माणसांच्या देखत काय करणार? सोडलं. बोटांच्या टोकांवरून, रीतसर. सवयीने तोंडातून 'न मम'सुद्धा गेलं. मग तिने स्वतः पाणी घेतलं, ओठ हलले, काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही, आणि सोडलं. बाईंनी विचारलं तर म्हणाली, सीक्रेट. मी गाडीत विचारलं तर म्हणाली, सोडलेल्या गोष्टीचं नाव घेऊ नये. माझी अटकळ अशी की तिने माझ्यावर विश्वास ठेवणं सोडलं असावं.

घरी आल्यावर कल्याणीला ही हकीकत कळली आणि तिने मला मिठी मारली. बारावीचा निकाल लागला तेव्हाही तिने एवढी घट्ट मारली नव्हती, त्यामुळे तिथेही माझं तोंड बंद. मालतीने निळ्या झाकणाची बाटली धुतली आणि तिच्यात मनीप्लँट लावला. 'आबा' ही चिठ्ठी तशीच आहे, म्हणजे मनीप्लँट माझा. मी एकदा हळूच अनुयापाशी विषय काढला, की म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचं काय एवढं. अकरा वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, "आबा, यू प्रॉमिस्ड अ होल लेक."

सकाळी साडेपाचला अजून पायरीवर बसतो. मालती माझ्यापुढे काळा चहा आणून ठेवते आणि आपण आलं घातलेलं गरम पाणी घेऊन बसते. घसा बसलाय म्हणते, मला बोलताना तो बसलेला दिसत नाही. बारा दिवस रोज गरम पाणी. वर दुपारी डोकं बांधून पडते आणि म्हणते, इथलं ऊन बाधतंय. माझी खात्री आहे की हे सगळं मला टोचावं म्हणून चाललंय. माणसाने निदान समोर बसून दुधाचा चहा तरी प्यावा, म्हणजे वासावर दिवस निघतो. तर तेही नाही. पायरीवर आम्ही दोघं समोरच्या कुंपणाकडे बघत बसतो, आणि मला, अण्णा, खरंच फार वाईट वाटतं.

असो. सहल उत्तम झाली. सर्वांनी एकदा अवश्य जावं, पट्टा घरी ठेवून. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. घाटावर गेलात तर माझ्या नावाने एक कप, वेलदोडा घालून.

तुमचा आज्ञाधारक,
काशिनाथ

ता. क. पत्राला कारण असं. साठ वर्षं तुम्ही लोकांकडून संकल्प सोडवून घेताय, तेव्हा तुमच्या अक्षरात चार ओळी हव्या आहेत, खाली सही आणि जमल्यास शिक्का, की हा संकल्प धरायचा नाही. मुद्दे मी काढून ठेवलेत. पाणी गंगेचं नव्हतं. पायात जँडल्स होत्या, म्हणजे रबरी सपाता. आचमन झालं नव्हतं, ओटचा चहा आचमनात धरत नाहीत असं मी समजतो. आणि मुख्य म्हणजे देशकालाचा उच्चार झाला नाही. आपण 'भरतवर्षे भरतखंडे' म्हणतो, त्यात न्यूझीलंड कुठे बसतं? तेव्हा स्थळ चुकलं, संकल्प बाद. मालती तुमचा शब्द मानते. दुधीच्या वेळी तुम्हीच मार्ग दाखवला होता, आता अर्ध्यावर सोडू नका.

ता. क. दुसरा. मालतीला या पत्राची कल्पना नाही आणि असू नये. उत्तर नितीशच्या नावाने पाठवा. तो गाडीत वाचून दाखवेल.

ता. क. तिसरा. भावोजी, सा. न. पाकिटाला लावायचा डिंक सापडेना म्हणून ह्यांनी पत्र माझ्याकडेच आणून दिलं. चाळीस वर्षांत ह्यांना स्वतःच्या घरातला डिंक सापडला नाही, लेकीच्या कुठला सापडायला. वाचलं. दुधीचा सल्ला तुमचा होता हे आज कळलं, त्याबद्दल समक्ष बोलू. माशाचा खुलासा अजून झालेला नाही, तुम्हाला रत्नागिरीचं काही ठाऊक असेल तर कळवा. आणि देशकालाचं म्हणाल तर संकल्पात आपण 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतोच. न्यूझीलंड गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे, जरा जास्त दक्षिणेला, एवढंच. तो मुद्दा टिकत नाही.

माझा घसा ठणठणीत आहे. सिग्रिडबाई म्हणाल्या, सगळ्यांत जवळचं सोडा. आधी ह्यांनाच सोडून यावं असं मनात आलं होतं, पण ह्यांच्या कमरेला पट्टाही नव्हता. म्हणून चहा सोडला. म्हटलं, ह्यांच्याकडून दूध सोडवून घेतलं, तर आपण समोर बसून कसा प्यायचा. बारा दिवस झाले, एवढी पानं लिहिली, तरी ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. तुम्ही सांगू नका, येईल तेव्हा येईल. पळवाट काढणार असाल तर दोन कपांची काढा. एकाच कपाची निघत असेल तर राहू द्या.

मालती